मुलांच्या खतावणीतील आपली पत

व्यापारी कुटुंबात ‘पत’ या शब्दाला जे वजन आहे, ते दुसऱ्या शब्दाला क्वचितच असेल. दुकान लहान असो वा मोठे, माल रोखीने येवो वा उधारीवर, पेढीचे नाव टिकते ते दिलेला शब्द पाळल्याने. बँकेतील नोकरीत मी आयुष्यभर लोकांची पतच तपासली. ताळेबंद, तारण, मालसाठ्याचे विवरण हे सारे पाहून झाले तरी शेवटी एकच प्रश्न उरत असे : हा गृहस्थ बोललेल्या तारखेला पैसे भरतो काय?

माझी स्वतःची पत मात्र एका ठिकाणी पूर्ण बुडाली होती आणि त्याचा पत्ता मला निवृत्तीनंतर लागला. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला पोहायला शिकविण्याचे वचन मी दिले होते. आधी वार्षिक हिशेब आला, मग तपासणी आली, मग बदली आली. प्रत्येक वेळी मी ‘नंतर’ म्हणत राहिलो. त्याने तीन-चारदा आठवण करून दिली आणि मग विषय सोडला. पोरगा समजूतदार झाला, असे मी मानले आणि त्याच्या आईजवळ त्याचे कौतुकही केले. गेल्या वर्षी मी नातवाला असेच काही आश्वासन देत होतो, तेव्हा तोच मुलगा, आता स्वतः बाप झालेला, शांतपणे म्हणाला, “बाबा, त्याला तारीख सांगा. तुमच्या ‘नंतर’ला कधी तारीख नसायची.”

त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्याचे मागणे थांबले होते ते समजूतदारपणामुळे नव्हे. त्याने ते येणे बुडीत खाती टाकले होते. त्या एका वाक्याने वाणिज्य शाखेच्या मला मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांकडे वळविले. त्या वाचनात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

अहमदाबादेत आलेला अभ्यासक

बालमानसशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात एरिक एरिक्सन हे नाव आरंभीच भेटते. त्यांचा जन्म १९०२ साली जर्मनीत झाला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर मनापुढे एक पेच उभा राहतो आणि तो कसा सुटतो यावर पुढील बांधणी अवलंबून असते, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांतील पहिला, अगदी पाळण्यातला पेच कोणता? विश्वास की अविश्वास. म्हणजे ज्या शब्दावर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्याच शब्दावर एरिक्सन यांनी मनाची पायाभरणी केली आहे.

या विद्वानाचा आपल्या समाजाशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १९६२ साली मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्र घेण्यासाठी ते अहमदाबादला आले होते. तेथे त्यांचे लक्ष १९१८ सालच्या गिरणी कामगारांच्या संपाकडे वेधले गेले. त्या संपात गिरणीमालकांचे अग्रणी होते अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने गांधीजींबरोबर उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. एकाच जैन व्यापारी घराण्यातील भाऊ आणि बहीण! कामगारांची घोषणा होती ‘एक टेक’, म्हणजे घेतलेली प्रतिज्ञा मोडायची नाही. एरिक्सन यांनी त्या घटनेचा शोध घेऊन ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ लिहिला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्या ग्रंथात एका ठिकाणी लेखक कथन थांबवून थेट गांधीजींना उद्देशून पत्र लिहितो. गांधीजींबद्दल त्याला नितांत आदर आहे. तरीही तो विचारतो की, शत्रूशी अहिंसेने वागणाऱ्या या महापुरुषाकडून आपल्या जवळच्या माणसांवर, पत्नीवर आणि मुलांवर, एक सूक्ष्म हिंसा होत नव्हती काय? हा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तापूर्वी जेवतो, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपतो. मन, वचन आणि काया यांपैकी वचनाची हिंसा मात्र घरातल्या घरात, तीही लहानांच्या बाबतीत, किती सहज घडून जाते!

दर्शनी हुंडी

आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात दोन प्रकारच्या हुंड्या असत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावे लागत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर मिळत. तान्ह्या मुलाचे रडणे ही दर्शनी हुंडी आहे. त्याला काळ कळत नाही, सबब कळत नाही. भूक लागली, ओले झाले, भीती वाटली की ते रडते आणि कोणी तरी येते. हे शेकडो वेळा घडल्यावर त्याच्या मनात एक नोंद पक्की होते : हे जग भरवशाचे आहे.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करून १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. मुलाला दुधाइतकीच मायेच्या सातत्याची गरज असते, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता-बालकांचे निरीक्षण केले. ज्या बालकाच्या हाकेला वेळेवर आणि योग्य प्रतिसाद मिळतो, ते आईला चिकटून बसण्याऐवजी तिच्या भरवशावर दूर रांगत जाते, नवे खेळणे हाताळते आणि मधूनच मागे वळून पाहते, असे त्यांना दिसले.

आपल्या वाचकांच्या मनात येथे शंका येईल. आपण तर आसक्ती सोडावी असे शिकतो. मग मुलाला बंधात का बांधावे? परंतु मानसशास्त्रज्ञ ज्याला अनुबंध म्हणतात, तो मोह नव्हे. घाबरलेले मूल पकडून ठेवते. निर्धास्त मूल सहज हात सोडते. शिवाय हा अनुबंध केवळ आईशीच जुळतो असेही नाही. आजी, काका, आत्या अशा दोन-चार जवळच्या माणसांशी बालकाचे नाते जुळू शकते. एकत्र कुटुंबाची ही खरी श्रीमंती होय. अट एवढीच की, ती माणसे बालकाच्या लेखी ठरलेली आणि नित्याची असावीत.

वाट पाहण्याची परीक्षा

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला मुदती हुंडी देता येते : “आत्ता नाही, जेवण झाल्यावर.” येथे एका प्रसिद्ध प्रयोगाची कथा सांगितली पाहिजे, कारण ती अर्धीच सांगितली जाते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रयोग केला. मुलापुढे मार्शमॅलो किंवा तत्सम खाऊ ठेवायचा. (मार्शमॅलोमध्ये प्राणिजन्य जिलेटिन असते, म्हणून आपण येथे पेढा समजू.) “मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, आधी खाल्लास तर एकच,” असे सांगून मोठे माणूस बाहेर जाते. काही मुले लगेच खातात. काही डोळे झाकतात, गाणे म्हणतात आणि थांबतात. जी थांबली, ती पुढे अभ्यासात आणि वागणुकीत सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत आढळले. तेव्हापासून संयम हा मुलाचा अंगभूत गुण आहे आणि यशाची किल्ली आहे, असा बोध सर्वत्र दिला जातो.

कथेचा दुसरा भाग २०१३ सालचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. प्रयोगाआधी दोन्ही गटांना सांगितले की, थोडे थांबा, तुमच्यासाठी चांगले रंगसाहित्य आणते. एका गटाला ते खरोखर आणून दिले. दुसऱ्या गटाला, “अरे, ते संपले वाटते,” असे सांगितले. नंतर खाऊची परीक्षा घेतली. ज्यांच्याबाबत शब्द पाळला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याबाबत मोडला होता ती अवघी ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटातील १४ पैकी ९ होती, तर दुसऱ्या गटातील १४ पैकी केवळ १.

पुढे २०१८ साली सुमारे ९०० मुलांच्या माहितीवर आधारलेला मोठा अभ्यास आला. मुलाच्या घरची स्थिती आणि संगोपन हिशेबात घेतल्यावर थांबण्याच्या क्षमतेचा पुढील यशाशी असलेला संबंध पुष्कळच क्षीण झाल्याचे त्यात दिसले.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, आपण मुलाचा संयम तपासतो असे समजतो, पण ते मूल आपली पत तपासत असते. ज्याचा धनादेश एकदा परत गेला आहे, त्याला कोणता शहाणा व्यापारी पुन्हा उधारीवर माल देईल? हाताशी असलेला पेढा खाणारे ते मूल अधीर नसून व्यवहारी आहे. “आमचा मुलगा जरा धीर धरत नाही,” अशी तक्रार करण्यापूर्वी आपल्या मागच्या पाच वचनांचे काय झाले, हे प्रत्येक पालकाने आठवून पाहावे.

डबा उंच, डाळ तेवढीच

वचन देताना मुलाची समज ओळखणेही आवश्यक आहे. स्वित्झर्लंडचे झां पियाजे यांनी दाखवून दिले की, लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते. त्यांचा प्रसिद्ध प्रयोग आपल्या स्वयंपाकघरातही करता येईल. दोन सारख्या वाट्यांत सारखी तूरडाळ घ्या. एका वाटीतील डाळ मुलादेखत उंच, अरुंद बरणीत ओता आणि विचारा, जास्त कशात? चार-पाच वर्षांचे मूल बहुधा बरणीकडे बोट दाखवील. साधारण सात वर्षांनंतर तेच मूल हसून सांगेल की डाळ तेवढीच आहे.

ज्याला मापाची ही स्थिरता अजून उमगलेली नाही, त्याला ‘पुढच्या महिन्यात’ या शब्दांतून काय कळणार? म्हणून लहानांना दिसेल असा हिशेब द्यावा. “तीन रात्री झोपून उठलास की आपण जाऊ,” असे सांगून दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी. आणि नातवाने चार पेढ्यांऐवजी मोडून केलेले सहा तुकडे अधिक मानले, तर त्याला ‘वेडा’ म्हणू नये. बुद्धी आपल्या क्रमाने उमलत असते. तिच्यावर व्याज आकारून ती लवकर वाढत नाही.

गुणपत्रिका आणि गादी

शाळेच्या वयात मुलापुढे नवा पेच येतो : मला काही जमते की मी कमीच आहे? येथे आपण जी हिंसा करतो ती कौतुकाच्या वेषात येते. “आमचा हा मोठा हुशार, धाकट्याचे डोके चालत नाही,” हे वाक्य पाहुण्यांसमोर, त्या दोघांच्या देखत उच्चारले जाते. धाकट्याला लागते हे उघड आहे. थोरल्याचेही त्यात नुकसान होते, हे कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांतून दिसले. पाचवीतील काही मुलांची ‘हुशार आहेस’ म्हणून, तर काहींची ‘मेहनत घेतलीस’ म्हणून स्तुती केली. मग सर्वांना अवघड उदाहरणे दिली. हुशार म्हटलेली मुले अपयश येताच अधिक खचली. पुढे आपले गुण अनोळखी मुलांना कळविताना त्यांच्यातील सुमारे चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. ज्याची किंमत केवळ निकालावर ठरते, तो निकालपत्र रंगवू लागतो. ही गोष्ट मी बँकेत कंपन्यांच्या ताळेबंदांतही पाहिली आहे.

त्यानंतर येते पौगंडावस्था. ‘मी कोण?’ हा या वयाचा प्रश्न. एरिक्सन यांनी त्याला ओळखीचा पेच असे नाव दिले आणि तो त्यांनी स्वतः भोगला होता. त्यांना आपल्या जन्मदात्या पित्याचे नाव कधी कळले नाही. सावत्र वडिलांच्या नावाने ते वाढले आणि अमेरिकेत गेल्यावर ‘एरिक्सन’ हे आडनाव त्यांनी स्वतःच धारण केले. आपल्या घरांत उलट घडते. मुलाच्या जन्माआधीच पाटीवर ‘अँड सन्स’ लिहिलेले असते. त्यात आधार आहे, हे खरे. पण मुलाला गादीवर बसायचे नसेल, किंवा ज्या मुलीला खरोखर बसायचे आहे तिला कोणी विचारलेच नसेल, तर त्याच पाटीचे ओझे होते. दोघांनाही विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. विचारून केलेला होकार आणि गप्प बसून दिलेला होकार यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे स्वेच्छेने घेतलेल्या व्रतात आणि लादलेल्या उपवासात.

सुखाचा ताळेबंद

हे सारे कशासाठी, तर शेवटी माणूस सुखी व्हावा म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालच्या घटनेत आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी केली आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या संशोधकांनी मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत : आपले निर्णय आपले असावेत, काही तरी उत्तम जमावे आणि कोणी तरी आपले असावे. या तिन्हींत पैशाचा उल्लेख नाही. पैसा लागतोच, ते नाकारणे ढोंग ठरेल. पण तो या तिन्हींची जागा घेत नाही.

हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेला एक अभ्यास पिढ्या बदलल्या तरी चालू आहे. प्रथम २६८ महाविद्यालयीन तरुण निवडले गेले, पुढे त्यात बॉस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा अभ्यास जोडला गेला. या शेकडो आयुष्यांच्या नोंदींतून निघालेला सर्वांत ठळक निष्कर्ष असा की, जे पन्नाशीत आपल्या नात्यांबाबत समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. या कामी त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचे आकडेही तितके उपयोगी ठरले नाहीत. किल्ल्या मुलाच्या हाती देऊनही रोज गल्ला मोजायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. एरिक्सन यांच्या शेवटच्या टप्प्यात प्रश्न असतो तो जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारता येते की हळहळ उरते, हा. त्याचे उत्तर गल्ल्यात सापडत नाही.

थकलेले खाते नियमित करता येते

येथवर वाचून काही पालकांचे मन जड झाले असेल. माझेही झाले होते. म्हणून शेवटची गोष्ट सांगतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ प्रथम हसते, हातवारे करते, हाका मारते. मग तोंड फिरवते आणि रडू लागते. आई पुन्हा पूर्ववत बोलू लागली की थोड्या रुसव्यानंतर ते परत तिच्याशी जुळते. ट्रॉनिक यांच्या पुढील निरीक्षणांतून असेही दिसले की, प्रेमळ आई आणि तिचे बाळ यांचा सूरसुद्धा बराच वेळ जुळलेला नसतो. तो बिघडतो आणि पुन्हा जुळवला जातो. बाळ निर्धास्त होते ते चूक कधीच न झाल्याने नव्हे, तर झालेली चूक दुरुस्त होते या अनुभवाने.

हे आपल्याला नवे आहे काय? पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीला ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. माझे दुष्कृत निष्फळ होवो, ही ती भावना. आलोचनेत तर दोष नाव घेऊन सांगायचा असतो. परंतु ही क्षमा आपण व्यापारी मित्रांना, व्याह्यांना, भ्रमणध्वनीवरून शेकडो परिचितांना मागतो. घरातील आठ वर्षांच्या मुलासमोर हात जोडून, “त्या दिवशी सर्वांसमोर तुला बोललो, ते माझे चुकले,” असे कितीजण म्हणतात? वडीलकी कमी होईल अशी भीती वाटते. वास्तविक, थकबाकी मान्य करणाऱ्या ऋणकोवरच बँकेचा विश्वास अधिक बसतो.

या संवत्सरीला मी मुलाला बोलावले. नेहमीचे शब्द न म्हणता सांगितले, “तुला पोहायला शिकवीन म्हणालो होतो. शिकविले नाही. वर त्यालाच तुझा समजूतदारपणा म्हणालो. मिच्छामि दुक्कडम्.” तो काही बोलला नाही. वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ माझा हात धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी नातवाने विचारले, “आजोबा, आपण तलावावर कधी जायचे?”

मी दिनदर्शिका काढली आणि रविवारवर खूण केली. त्या रविवारी आम्ही तिघेही गेलो.